परवाना कोणाच्या नावावर

"मग या वैजयंतीच्या नावावर घ्या ना परवाना," हेरवाडेसाहेब म्हणाले. "तिची पोलिसांकडे काही नोंद नाही. मी आजच्या आज कागद पुढं सरकवतो."

मी आतल्या खोलीत एका बाईची कंबर दाबत होते. पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. माझं नाव निघालं आणि माझे हात थांबले. पालथी झोपलेली बाईसुद्धा कान देऊन असावी, कारण तिची सैल पडलेली पाठ एकदम ताठ झाली.

"नको," रंजनाताई म्हणाली.

"अहो, नाव फक्त कागदावर. चालवणार तुम्हीच."

"तेच नको."

हेरवाडेसाहेब नगरपरिषदेचे आरोग्य निरीक्षक होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आईच्या गुडघ्यांना मीच तेल लावायला जायची, आणि आमचं केंद्र बंद पडू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी आणखी दोन-तीनदा समजावलं. मुदत संपली की सील ठोकावं लागेल, माझ्या हातात काही राहणार नाही, असंही म्हणाले. रंजनाताईनं त्यांना चहा दिला, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पुन्हा नकोच म्हणाली.

ते गेल्यावर मी हात पुसत बाहेर आले. तिनं मला काहीतरी सांगावं म्हणून जरा वेळ उभी राहिले. ती कपबशा विसळत राहिली. मला वाटलं, मला दिसत नाही म्हणून तिला माझ्या नावाचा भरवसा वाटत नसेल. तिनं आजवर असं कधी केलं नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं.

मी जन्मापासून आंधळी आहे. पुण्यात अंधांच्या शाळेत मालिश शिकले आणि आमच्या या यंत्रमागांच्या गावात परत येऊन एका दवाखान्यात रोजंदारीवर काम करत होते. रंजना तोडकर तिच्या सासूचा आखडलेला हात घेऊन तिथे आली. मी सासूचा खांदा सोडवत होते, तेव्हा तिनं माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवली आणि कुठे किती जोर देते ते बघितलं. जाताना म्हणाली, "मी फक्त बायकांसाठी मालिशचं केंद्र काढतो आहे. येतीस का?" आमच्याकडच्या बायका बोलतात तशीच ती बोलायची, मी येतो, मी करतो. मी दुसऱ्या महिन्यात तिच्याकडे गेले.

आमच्या गावात दिवसभर मागांचा खडखडाट असतो आणि हवेत सुताच्या खळीचा वास. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच बाजूला वळून बसतात, त्यांच्या माना आणि कमरा पंचविशीतच धरतात. त्या आमच्याकडे यायच्या. बाळंतिणी यायच्या, बँकेतल्या, शाळेतल्या बाया यायच्या. रंजनाताईच्या हाताखाली आल्यावर बायका बोलायला लागत. नवऱ्याचं, सासूचं, कधी कुणाला न सांगितलेलं. ती ऐकून घ्यायची आणि त्यातलं एक अक्षर बाहेर जाऊ द्यायची नाही. स्वतःबद्दल मात्र ती एवढंच सांगायची की हे काम मी एका संस्थेत शिकलो. कुठली संस्था, कशी गेलीस तिथे, हे मी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी हमरस्त्यावरच्या एका मसाज पार्लरवर पोलिसांची धाड पडली. आत नको ते चाललं होतं. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले, मोर्चा निघाला, आणि नगरपरिषदेनं नियम केले. मालिशच्या प्रत्येक केंद्राला परवाना हवा. खोलीला आतून कडी नको. बायकांना बायकांनीच मालिश करायची. शिकल्याचा दाखला हवा, डॉक्टरची तपासणी हवी, आणि मालकाच्या चारित्र्याबद्दल पोलिसांचा ना हरकत दाखला हवा.

गावातल्या दुसऱ्या केंद्रवाल्यांनी कुरकुर केली. रंजनाताईला ते नियम आवडले. त्याच संध्याकाळी तिनं पेचकस घेऊन सगळ्या कड्या काढून टाकल्या आणि मला दारांवरून हात फिरवायला लावला. "बघ, आता कुणाला आत कोंडता येत न्हाई," असं म्हणाली. मला तेव्हा ते वाक्य जरा विचित्र वाटलं, कारण आमच्याकडे कुणी कुणाला कोंडत नव्हतंच. बाकीचे दाखलेही तिनं भराभर गोळा केले. माझी तपासणी करून आणली. पोलिसांचा दाखला तेवढा आला नाही. उत्तर आलं ते असं, की अर्जदाराचं नाव पिटाच्या एका जुन्या गुन्ह्याच्या नोंदीत आहे.

पिटा म्हणजे बायकांकडून धंदा करवून घेणाऱ्यांविरुद्धचा कायदा. आमच्या नियमात लिहिलं होतं, की अशा गुन्ह्याच्या नोंदीत ज्याचं नाव असेल त्याला परवाना मिळणार नाही. म्हणून हेरवाडेसाहेब माझं नाव सुचवायला आले होते.

त्या नोंदीबद्दल रंजनाताई माझ्याशी काही बोलली नाही. तिनं मुख्याधिकाऱ्यांकडे अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "उद्या माझ्यासंगं चल. तुझं नाव या भानगडीत घेतलंय त्यांनी, तर तुलाबी समोर बसून ऐकायचा हक्क आहे." मी अजून रुसलेली होते, पण गेले.

तिचा नवरा विलासदाजी सुट्टी टाकून आला होता. तो यंत्रमागांवर जॉबर होता, बिघडलेले माग लावून द्यायचा. खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे तो एरवी मोठ्यानं बोलायचा, पण त्या दिवशी नगरपरिषदेच्या जिन्यात एकदाच हळू आवाजात म्हणाला, "अजून बी परत फिरायचं आसंल तर फिरू." रंजनाताई म्हणाली, "आईंना कळंल उद्या." तो म्हणाला, "कळू दे."

मुख्याधिकारी वानखडे मॅडम नागपूरकडच्या होत्या. नुकत्याच बदलून आलेल्या. आवाजावरून तरुण वाटल्या. आरोग्य समितीचे सभापती मगदूम, हेरवाडेसाहेब आणि पोलिस ठाण्यातून आलेले एक हवालदार एवढीच माणसं खोलीत होती. दाराशी शिपाई. मगदूमांनी सुरुवातच केली, की नियम सगळ्यांना सारखा, आपण धाडीनंतर लोकांना शब्द दिलाय, आता पहिल्याच अर्जाला सूट दिली तर तोंड कुठे दाखवायचं. मग जरा मवाळ होऊन म्हणाले, की या अंध मुलीच्या नावावर अर्ज करा, सहानुभूतीही मिळेल, विषय संपेल.

वानखडे मॅडमनी रंजनाताईला विचारलं, "यात अडचण काय आहे तुम्हाला?"

"सांगतो. पण सगळं सांगावं लागंल."

"काही खासगी असेल तर या सगळ्यांना बाहेर पाठवते मी."

"असू देत," रंजनाताई म्हणाली. "माझं नाव त्या नोंदीत हाय हे सगळ्यांनी ऐकलंय. का हाय, ते बी सगळ्यांनी ऐकू दे."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बायकांना वळा म्हणून सांगताना असायचा तसा. पण खुर्चीच्या दांड्यावर तिची बोटं इतकी घट्ट आवळली होती, की लाकूड कुरकुरल्याचं मला ऐकू आलं.

तिनं सांगितलं ते असं. अठरा-एकोणीस वर्षांची असताना गावाकडच्या एका ओळखीच्या बाईनं तिला कामाला म्हणून दूरच्या एका शहरात नेलं. ब्यूटी पार्लर आणि मसाज, अशी पाटी होती. आत गेल्यावर काय आहे ते कळलं, आणि दाराला बाहेरूनही कडी होती, आतूनही. तिथे नागव्वा नावाची एक मुलगी होती. सीमेपलीकडच्या कानडी खेड्यातली, रंजनाताईहून थोडी मोठी. पहिले काही आठवडे रंजनाताई जेवत नव्हती, तर तिला बळेबळे भरवणारी नागव्वाच. त्या जागेचा नगरपालिकेचा परवाना होता, आणि तो नागव्वाच्या नावावर होता.

"शेठनं तिला सांगितलेलं, तुझ्या नावावर दुकान करतोय, पुढं तुझंच व्हईल. ती खूश झालेली. मला म्हणायची, बघ, माझ्या नावाचा कागद हाय भिंतीवर. तिला वाचता येत नव्हतं, पण नाव कुठं लिवलंय ते ठाऊक होतं, तिथं बोट ठेवून दाखवायची."

रंजनाताईनं खुर्ची जरा पुढे ओढली.

"मग पोलिस आले. आम्हा सगळ्या पोरींना सोडवून संस्थेत ठेवलं. शेठ म्हणाला, माझा काय संबंध, मी जागेचं भाडं घेतो. कागद कुणाच्या नावावर हाय बघा. कागद नागव्वाच्या नावावर. तिला तुरुंगात घातली, धंदा चालवणारी म्हणून. आम्ही सुटलो आणि ती आत गेली."

विलासदाजीनं मागे घसा खाकरला.

"बाकीच्या पोरींनी खोटी नावं सांगितलेली. कुणाला घरी कळायला नको होतं, त्यांची काय चूक न्हाई त्यात. पण खोट्या नावानं साक्ष देता येत न्हाई. मी माझं खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं. कोर्टात उभा राहिलो आणि शेठकडं बोट करून सांगितलं, मालक ह्यो हाय, ती न्हवं. त्याच्या वकिलानं मला दोन दिवस सोललं. शेवटाला शेठ आत गेला आणि नागव्वा सुटली. दोन वर्सं आत काढून सुटली. म्हणून माझं नाव त्या नोंदीत हाय, साहेब. शेठचं बी हाय आणि माझं बी. तुमच्या नियमानं आम्हा दोघांना एका दावणीला बांधलंय."

मग तिनं श्वास घेतला.

"आता तुम्ही म्हणताय, ह्या पोरीच्या नावावर घ्या. उद्या माझ्या जागंत काय कमी-जास्त झालं, कुणी कायबी आळ घेतला, तर पोलिस कुणाच्या दारात जातील? ज्याच्या नावावर कागद हाय त्याच्या. ह्या पोरीला समोर आलेला माणूस कोण ते बी दिसत न्हाई. मी एकदा बघितलंय ते. माझं काम माझ्या नावावर द्या. न्हाई तर सील ठोका, मी दुसरीकडं चाकरी करीन."

मी तिच्या बोटांवर हात ठेवला. थंडगार होती.

मग वानखडे मॅडमनी हवालदारांना विचारलं, की नोंदीत या बाईंचं नाव कशाखाली आहे. त्यांनी कागद चाळला आणि म्हणाले, "साक्षीदार." मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही दाखला नाकारताना का लिहिलं नाही?" हवालदार म्हणाले, की नियमात फक्त नोंदीत नाव आहे का एवढंच विचारलं होतं.

"नोंदीत तर तपास करणाऱ्या फौजदाराचंही नाव असतं," मॅडम म्हणाल्या. "त्यांनाही आपण परवाना नाकारू का, सभापती?"

मगदूम खुर्ची सरकवून उठले. मला वाटलं, रागावून निघाले. ते रंजनाताईसमोर येऊन थांबले आणि म्हणाले, "बाई, मी ह्या नियमाच्या बाजूनं भाषण केलं होतं. मला असलं काही डोक्यात आलं नव्हतं." आणि परत जाऊन बसले.

वानखडे मॅडमनी सांगितलं, की नियमाचे शब्द बदलायचा अधिकार त्यांना नाही, तो सर्वसाधारण सभेचा. त्या ठराव मांडतील. तोवर केंद्र बंद ठेवावं लागेल. रंजनाताई म्हणाली, "ठरावात कारण म्हणून माझं नाव घाला, माझी हरकत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "तुमची नसेल. पण अशा गुन्ह्यातून सोडवलेल्या बाईचं नाव लिहायला कायदा मला बंदी करतो, आणि ती बंदी योग्य आहे. जे तुम्ही सांगितलं ते तुमचं तुम्ही सांगितलं. माझ्या कागदावर ते येणार नाही." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "तुम्ही नसतंच सांगितलं तरी चाललं असतं. मी ती नोंद मागवून घेतली असती."

"व्हय. पण हिला कळलं नसतं ना, नको का म्हटलं ते," रंजनाताई म्हणाली.

ती माझ्याबद्दल बोलत होती हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

परत येताना मी तिच्या दंडाला धरून चालत होते. विलासदाजी दोन पावलं मागे. बसस्टँडच्या कोपऱ्यावर मी म्हणाले, "ताई, तू सांगितलं असतंस तर मी तरीही सही केली असती."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "म्हणूनच तुला आधी सांगितलं न्हाई."

मॅडमच्या कागदावर तिचं नाव आलं नाही, पण गावाला कळायला कागद लागत नाही. शिपायाला कळलं, त्याच्या बायकोला कळलं, आणि आठवड्याच्या बाजारात तर सगळ्यांनाच. रंजनाताईची सासू थोरल्या मुलाकडे राहायला गेली ती पुन्हा आली नाही. जिचा हात आम्ही दोघींनी मिळून सोडवला होता, ती. विलासदाजी दर पंधरवड्याला आईला भेटून यायचा, येताना काही बोलायचा नाही. माग लावायला गेला की पोरं मागून काहीबाही म्हणायची. एकदा एका पोराला त्यानं माग बंद करून उभं केलं आणि म्हणाला, "मला लग्नाआधीच सांगितलंय तिनं. तुझ्या घरी कोण काय सांगून आलंय ते बघ जा." हे मला त्याच्याच एका सोबत्यानं सांगितलं.

सर्वसाधारण सभेला आम्ही दोघी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसलो. पाण्याच्या टाकीवरून तासभर भांडण झालं. आमचा विषय चहा येईपर्यंतसुद्धा टिकला नाही. मगदूमांनी ठराव वाचला, कुणीतरी अनुमोदन दिलं, मंजूर मंजूर झालं. मला काहीतरी मोठं घडेल असं वाटलं होतं. मी रंजनाताईला म्हटलं, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच तर पायजे होतं."

परवाना आला, तिच्याच नावानं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. बँकेतल्या बाई आल्या नाहीत, शाळेतल्या दोघी आल्या नाहीत, त्या नंतरही कधी आल्या नाहीत. रंजनाताई चादरींच्या घड्या घालत होती, उलगडून पुन्हा घालत होती. मला त्या चादरींची फडफड ऐकवेना. मी म्हटलं, मीच झोपते, माझीच पाठ दाबून दे. ती हसली. मी खरंच पालथी झोपले, आणि तिनं माझ्या मानेपासून सुरुवात केली. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर काम केलं, पण तिच्या हाताखाली पहिल्यांदाच गेले. कुठेही दुखलं नाही. दुखत होतं तिथे दुखायचं थांबलं.

सांजच्याला कांड्यावाल्या बायका आल्या. कामाची पाळी सुटल्यावर चारपाच जणी मिळून, बाहेरूनच बोलत. त्यांच्यातली एक आत येता येता म्हणाली, की रंजना, तू बंद होतीस तेवढ्या दिवसांत माझी मान पार वाकडी झाली, आता आधी मला घे. दुसरी म्हणाली, माझा नंबर आहे. त्यावरून त्यांची जुंपली. त्या प्रकरणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांना माहीत नव्हतं असं नव्हे. त्यातल्या एकीनं निघताना रंजनाताईचा हात हातात घेतला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला, एवढं ताईनं मला नंतर सांगितलं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. रंजनाताईची बोटं आता आखडतात, ती केंद्रात बसते, शिकवते, ओरडते. हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. आणि नाव बदलू नको."

गेल्या वर्षी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला माझं स्वतःचं केंद्र काढायचं ठरवलं. नगरपरिषदेच्या खिडकीवर गेले. खिडकीमागे नवा कारकून होता, मला ओळखत नव्हता. मला दिसत नाही म्हटल्यावर त्यानं बिचाऱ्यानं सगळ्या अटी वाचून दाखवल्या. कडीची अट, डॉक्टरची अट, मग चारित्र्याची. "अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीस परवाना मिळणार नाही. मात्र पीडित अथवा साक्षीदार म्हणून नाव असल्यास ती परवान्यास अडचण समजली जाणार नाही." त्यानं ते बाकीच्या अटींसारखंच एका सुरात वाचलं आणि पुढच्या अटीकडे वळला.

माझ्या मागे कुणीतरी बाई उभी होती. बराच वेळ उभी असावी, पण बोलली नव्हती.

"ते परत वाचता का?" ती म्हणाली. "आत्ताचं. साक्षीदारवालं."

कारकुनानं परत वाचलं. मग त्यानं विचारलं, की तुम्हाला पण अर्ज पाहिजे का, आणि कोणाच्या नावानं.

"माझ्या," ती म्हणाली.

मी बाजूला सरकून तिला खिडकीपाशी जागा करून दिली. त्यानं नाव विचारलं. तिनं सांगितलं, सबंध, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात. ते मी इथे लिहीत नाही, कारण मी तिला विचारलेलं नाही.